पोटाला चालते ते श्वासाला चालेलच असे नाही

व्हेपोरायझर म्हटले की महाराष्ट्रातल्या घरांत डोळ्यांसमोर येते ते सर्दी-पडशात वाफारा घेण्याचे, मेडिकलच्या दुकानात मिळणारे प्लास्टिकचे यंत्र. जर्मनीत याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. मार्च २०१७ पासून तिथले डॉक्टर काही रुग्णांना औषधी गांजा लिहून देऊ शकतात. तो जाळून धूर ओढण्याऐवजी नुसता तापवून त्यातले घटक वाफेच्या रूपात घेण्यासाठी तिथे खिशात मावणारी यंत्रे वापरली जातात. त्यातल्या काहींना वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही आहे. दोन्ही यंत्रांचा हेतू वेगळा, त्यांना लागू होणारा कायदा वेगळा. एक भाग मात्र दोन्हींत आहे. तापलेली हवा जिथून तोंडात किंवा नाकात शिरते तो शेवटचा तुकडा, म्हणजे माउथपीस किंवा मास्क. तो कशाचा बनवला आहे, असे विचारले तर बाजारात बहुधा एकच उत्तर मिळते: ‘फूड ग्रेड’. हे उत्तर खोटे असतेच असे नाही. पण ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

माउथपीसच्या बाबतीत प्रश्न खरे तर दोन आहेत. पहिला, त्याने ओठ आणि तोंड भाजेल का? दुसरा, तापल्यावर त्यातून काही सुटून श्वासावाटे फुफ्फुसात जाईल का? पहिल्याचे उत्तर लगेच मिळते, कारण चटका कळतो. दुसऱ्याचे उत्तर वर्षानुवर्षे मिळत नाही, आणि नेमके तेच दुर्लक्षित राहते.

आधी चटक्याचे पाहू. त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते, याचा पाया हेन्रिक्स आणि मॉरिट्झ या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये घातला. ४४ अंश सेल्सियसला त्वचेला इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. म्हणजे तापमान थोडे वाढले की सुरक्षित वेळ झपाट्याने घटतो. तापलेल्या पृष्ठभागांविषयीचे ‘आयएसओ १३७३२’ हे आंतरराष्ट्रीय मानक त्यात पदार्थाचाही विचार करते. एक मिनिट स्पर्श होणार असेल तर उघड्या धातूसाठी मर्यादा ५१ अंश आहे, तर प्लास्टिक आणि लाकडासाठी ६०. स्पर्श दहा मिनिटांचा असेल तर मात्र सगळ्यांना एकच मर्यादा, ४८ अंश.

कढईचा लोखंडी कान आणि तव्याची लाकडी मूठ यांतला फरक प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. तेच इथेही लागू आहे. धातू आपल्यातली उष्णता ओठांकडे चटकन सोडतो, लाकूड किंवा प्लास्टिक ती धरून ठेवते. म्हणून धातूचा माउथपीस टिकाऊ असला तरी एकामागून एक झुरके घेतले की तोच आधी पोळू लागतो.

वाफेचा ओलावा हा चटक्यातला दुसरा घटक. गरम भट्टीत क्षणभर हात घालता येतो. कुकरच्या शिट्टीवर धरता येत नाही. एक ग्रॅम कोरडी हवा १०० अंशांवरून ४० अंशांवर आली तर साधारण ६० ज्यूल उष्णता सोडते. एक ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होऊन तेवढीच थंड झाली, तर ती अडीच हजार ज्यूल सोडते. चाळीसपट फरक! यंत्रातल्या कप्प्याचे तापमान १८० ते २१० अंश असूनही कोरडी हवा काही सेंटिमीटरच्या मार्गात पुरेशी निवू शकते, आणि वाफाऱ्याचे यंत्र ‘फक्त’ शंभर अंशांचे असूनही अधिक धोक्याचे ठरू शकते, ते यामुळेच. करोनाकाळातल्या टाळेबंदीत इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयातील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून कळवले की, वाफ घेताना भाजलेल्या मुलांचे प्रमाण त्यांच्याकडे ३० पट वाढले आहे.

आता दुसरा, अवघड प्रश्न. खिशातल्या यंत्रात तापणारा कप्पा आणि ओठ यांच्यात अंतर थोडे असते. माउथपीसचे ओठाकडचे टोक कोमट असले तरी कप्प्याकडचे टोक चांगलेच तापते. ते तापमान त्या पदार्थाला सोसवते का, हे पाहायला आकडे हवेत. घरगुती थ्रीडी प्रिंटरवर सर्रास वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपासच मऊ पडते. खेळणी आणि उपकरणांच्या डब्यांचे एबीएस सुमारे १०५ अंशांना, तर पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या घरात. पॉलिप्रॉपिलिन १६० अंशांच्या पुढे वितळते; उकळत्या पाण्याच्या वाफेला ते पुरते, दोनशे अंशांच्या हवेला नाही. सिलिकॉनची बेकिंगची भांडी २३० अंशांपर्यंत वापरावीत, असे जर्मनीची जोखीम मूल्यमापन संस्था सांगते. पीक या नावाने ओळखले जाणारे प्लास्टिक ३४३ अंशांना वितळते आणि अडीचशे अंशांत दीर्घकाळ काम करू शकते. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच मऊ व्हायला आठशे अंश ओलांडावे लागतात.

हे पीक भारताला अपरिचित नाही. डॉ. केकी घरडा यांनी उभारलेल्या घरडा केमिकल्सने ते गुजरातमधील पानोलीत बनवून दाखवले. पुढे तो व्यवसाय बेल्जियमच्या सॉल्व्हे कंपनीने घेतला. म्हणजे योग्य पदार्थ बनवण्याचे ज्ञान देशात नाही, अशी सबब चालणार नाही. प्रश्न किमतीचा आहे. पीक साध्या प्लास्टिकच्या कित्येक पट महाग असते, आणि बाहेरून काळा तुकडा दोन्हींचा सारखाच दिसतो.

शिवाय वितळणे ही शेवटची पायरी आहे. त्याच्या बरेच आधी पदार्थातले लहान रेणू सुटू लागतात: साखळीत न गुंफलेले उरलेसुरले घटक, मऊपणासाठी घातलेली द्रव्ये, रंग, डिंक, लाकडावरचे लाखरोगण. सिलिकॉनचेच पाहा. नीट बनवलेले सिलिकॉन सुरक्षित मानले जाते. पण ‘नीट’ म्हणजे काय, याला जर्मनीत माप आहे. २०० अंशांवर चार तास तापवल्यावर त्यातून उडून जाणारी द्रव्ये वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त असता कामा नयेत. घाईने बनवलेले, पुरेसे न भाजलेले सिलिकॉन या कसोटीला उतरत नाही. दुकानात मात्र दोन्हींवर एकच शिक्का असतो.

‘फूड ग्रेड’ या शब्दांचा अर्थ इथे तपासायला हवा. एखाद्या पदार्थातून ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळेत अन्नात किती अंश उतरतो आणि तो खाल्ल्याने अपाय होतो का, याची ती हमी असते. अन्न पोटात जाते. तिथून यकृताकडे जाते, आणि यकृत बऱ्याच विषारी द्रव्यांचा निकाल लावते. श्वासाला ही गाळणी नाही. फुफ्फुसातल्या पातळ पडद्यापलीकडे थेट रक्त असते.

हा फरक पुस्तकी नाही. २००० साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातील आठ माजी कामगारांना फुफ्फुसाच्या सूक्ष्म नलिका कायमच्या अरुंद करणारा दुर्मीळ आजार झाल्याचे उघड झाले. संशयाची सुई लोण्याचा स्वाद देणाऱ्या डायअसिटिलकडे वळली. खाण्यासाठी ते मान्य होते. कामगार मात्र त्याची गरम वाफ दिवसभर श्वासात घेत होते. २०१९ मध्ये याचीच मोठी आवृत्ती घडली. त्वचेवर लावण्याच्या मलमांत आणि पूरक गोळ्यांत निर्धोकपणे वापरले जाणारे ‘ई’ जीवनसत्त्वाचे अ‍ॅसिटेट काही विक्रेत्यांनी व्हेपच्या तेलात मिसळले. फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत फुफ्फुसाच्या इजेचे २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी ६८ जण दगावले. ही दोन्ही उदाहरणे माउथपीसची नाहीत, वाफेतल्या द्रव्यांची आहेत. पण धडा तोच आहे: त्वचेला आणि पोटाला चाललेली वस्तू तापवून फुफ्फुसात पाठवली की ती नव्याने तपासावी लागते.

तशी तपासणी कशी करायची, हे ठाऊक आहे. श्वासाच्या मार्गात येणाऱ्या वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ मध्ये ‘आयएसओ १८५६२’ हे मानक आले. व्हेंटिलेटर, नेब्युलायझर, त्यांच्या नळ्या, मास्क, माउथपीस हे सगळे त्याच्या कक्षेत येते. पदार्थाचे नाव पाहून ते समाधान मानत नाही. उपकरणातून जाणाऱ्या हवेत किती बारीक कण येतात, किती बाष्पशील द्रव्ये येतात, आणि नळीत जमणाऱ्या पाण्यातून काय झिरपते, हे मोजायला ते लावते. ‘कशाचा बनवला?’ या प्रश्नाच्या जागी ‘त्यातून काय बाहेर पडते?’ हा प्रश्न त्याने ठेवला, आणि तोच योग्य आहे.

भारतात याचे काय? खिशातल्या व्हेपोरायझरपुरते उत्तर कायद्याने दिले आहे. २०१९ च्या ई-सिगारेट प्रतिबंध कायद्याची व्याख्या व्यापक आहे. निकोटिन असो वा नसो, श्वासावाटे घेण्यासाठी एखादा पदार्थ तापवून त्याचा फवारा करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण तिच्यात येते. औषध म्हणून परवाना मिळालेली उत्पादने तेवढी वगळली आहेत. निर्मिती, आयात, विक्री, जाहिरात सगळ्यांना बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदीमागचे आरोग्याचे कारण रास्त आहे. पण बंदीने वस्तू नाहीशी झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चोरून विकल्या जाणाऱ्या वस्तूला लेबल नसते, उत्पादकाचा पत्ता नसतो, तक्रारीला जागा नसते. तिचा माउथपीस एबीएसचा की आणखी कशाचा, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. महाविद्यालयीन मुलामुलींशी बोलताना ‘निकोटिन वाईट’ एवढ्यावर न थांबता हेही सांगायला हवे. आणि त्याच दमात हेही, की माउथपीस उत्तम काचेचा असला म्हणून आतली वाफ निर्दोष होत नाही.

कायद्याने चालणाऱ्या उपकरणांबाबत मात्र बंदीची सबब नाही. वाफाऱ्याची यंत्रे, नेब्युलायझरचे माउथपीस, दम्याच्या पंपाला लावायचे स्पेसर लाखो घरांत आहेत. लहान मुले आणि वृद्ध ते रोज तोंडाला लावतात. १ एप्रिल २०२० पासून देशात सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आणली गेली, म्हणजे नियमनाचा अधिकार सरकारकडे आहे. त्याचा वापर करून लेबलवर चार गोष्टी सक्तीच्या कराव्यात: पदार्थाचे नेमके नाव, तो किती तापमानापर्यंत चालतो ते तापमान, स्वच्छतेची रीत आणि बदलण्याची मुदत. श्वासाच्या मार्गातल्या भागांना श्वासाच्याच मानकाची कसोटी लावावी. ‘फूड ग्रेड’चा शिक्का तिथे पुरेसा मानू नये. यासाठी नवे संशोधन लागत नाही. आहे ते मानक अमलात आणण्याची इच्छा लागते.

तोपर्यंत घरात काही पथ्ये पाळता येतील. नवे यंत्र तापल्यावर प्लास्टिकचा वास येत असेल तर ‘दोन-चार वेळा वापरले की जातो’ या सल्ल्यावर विसंबू नये. वास येणे म्हणजे काहीतरी सुटून नाकापर्यंत पोचणे. पिवळा पडलेला, चिकट झालेला, तडा गेलेला किंवा वाकलेला माउथपीस टाकून द्यावा. प्रत्येक भाग उकळून स्वच्छ करता येतो, हा समज चुकीचा आहे: नेब्युलायझरचा मऊ पारदर्शक मास्क बहुधा पीव्हीसीचा असतो, तो उकळायचा नसतो. सोबतच्या पत्रकात जी रीत दिली असेल तीच पाळावी. हरवलेल्या भागाच्या जागी कुणी थ्रीडी प्रिंटरवर काढून दिलेला तुकडा गरम हवेच्या वाटेत बसवू नये. वाफाऱ्याच्या यंत्राचे झाकण घट्ट बसले आहे का ते पाहून, मुलांना एकटे न सोडता वाफ द्यावी. आणि माउथपीस कशाचा आहे, किती तापमानाला चालतो, हे दुकानात जरूर विचारावे. पहिल्या दहा ग्राहकांना उत्तर मिळणार नाही. अकराव्याच्या वेळी दुकानदार तोच प्रश्न पुरवठादाराला विचारेल.

स्टीलच्या पेल्यातला गरम चहा ओठाला लागण्याआधी माणूस फुंकर घालतो, कारण चटका ठाऊक असतो. श्वासातून जे जाते त्याला चटका नाही. तिथे फुंकरीचे काम मानकाने आणि लेबलाने करायचे असते, आणि ते काम सरकारचे आहे.