फॅशन शिकायचीय तर आधी मानवतला जा

दहावी-बारावीचे निकाल लागले की परभणीच्या चौकाचौकात क्लासेसचे फ्लेक्स झळकतात. आता त्यात फॅशन डिझायनिंगचेही असतात. वर आयफेल टॉवर, पुढे उंच टाचांची गोरी मुलगी, खाली ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. ज्यांच्या घरी मुलीला हे शिकायची हौस आहे त्यांच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. मुलाला हौस असेल तर त्याच्याही आईवडिलांशी. शिवणकाम हे बायकांचंच काम असं आपल्याकडे कधी नव्हतं. ज्यांचं गाव म्हणून नर्सी ओळखली जाते ते नामदेव महाराज शिंपीच होते, आणि ती नर्सी १९९९ मध्ये हिंगोली वेगळं होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. घरी मशीन टाकून ब्लाउज, फॉल-पिको करणाऱ्या ताईंनीही हे वाचावं. फी भरू बघणाऱ्या कित्येक मुलींपेक्षा त्यांना हे काम आधीच जास्त कळतं, फक्त तसं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

सांगायचं एवढंच आहे. कपडा कोण घालणार, तो घालून काय काम करणार आणि कोणत्या उन्हात करणार, हे ज्याला दिसतं तो डिझायनर. कागदावरची लांब मानेची चित्रं नंतर येतात. हे बघणं शिकायला परभणीइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही. मात्र त्यासाठी घरातून उठून हिंडावं लागतं.

भानू अथय्यांचं नाव बहुतेकांना सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून माहीत असतं : ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. ‘गांधी’ सिनेमाच्या वेशभूषेसाठी ११ एप्रिल १९८३ रोजी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ते मिळालं. पाठांतर तिथंच संपतं. त्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये, जन्म १९२९ चा. वडील अण्णासाहेब चित्रकार, पण ते लवकर गेले. भानूताई मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, ‘ईव्हज वीकली’मध्ये कपड्यांची चित्रं काढू लागल्या, त्यातून कपडे तयार करण्याकडे वळल्या आणि १९५६ च्या ‘सी.आय.डी.’पासून सिनेमात आल्या. १९६६ च्या ‘आम्रपाली’चं काम मिळालं तेव्हा त्या अजिंठ्याला गेल्या. भिंतींवरच्या बायकांची वस्त्रं आणि दागिने त्यांनी नीट अभ्यासले आणि त्यावरून वैजयंतीमालाचा पोशाख उभा केला. आपल्या शाळांच्या सहलीही अजिंठ्याला जातात. पोरं माकडांचे फोटो काढून परत येतात.

‘गांधी’चं काम तर आणखी अवघड. १८९३ चा सुटाबुटातला बॅरिस्टर ते १९४८ चा पंचा नेसलेला म्हातारा, एकाच माणसाचे कपडे पंचावन्न वर्षांत कसे उतरत गेले ते प्रेक्षकाला न सांगता दिसलं पाहिजे. गांधीजींनी पंचा स्वीकारला तो २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत, अंगभर कपडा न परवडणारी माणसं बघून. म्हणजे तिथेही सुरुवात बघण्यापासूनच झाली. त्या वेशभूषेत चमकधमक जवळजवळ नाही. साधं सुती कापड आहे आणि ते कुणी, कधी, कसं नेसायचं याची पक्की माहिती आहे.

शेजारच्या गोव्यातलं उदाहरण घ्या. वेंडेल रॉड्रिक्स यांच्या कपड्यांना परदेशात नाव होतं. २०१०-११ च्या सुमारास ते वळले कुणबी बाईच्या लाल-पांढऱ्या चौकटींच्या आखूड सुती लुगड्याकडे. गोव्यात ते विणणं जवळपास बंद पडलं होतं. त्यांनी ते पुन्हा विणून घेतलं, नेसायला सोयीचं केलं, दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये नेलं. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. शेतात राबणाऱ्या बाईचं लुगडं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे आजीचं इरकल जुनेर झालं की त्याची वाकळ शिवतो आणि लग्नात नेसायला सुरतची पॉलिस्टर ‘पैठणी’ आणतो.

तेव्हा पालकांनो, मुलीला महागडं ड्रॉइंगचं सामान घेऊन देण्याआधी एक साधी दोनशे पानी वही द्या. रोज काय दिसलं ते तिला त्यात काढू द्या आणि लिहूही द्या. एप्रिल-मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा कॉलेजच्या मुली स्कूटीवर जो स्कार्फ बांधतात तो नीट पाहा. डोळे सोडून सगळं झाकलं जातं, एक टोक मानेमागून येतं, गाठ अशी की गाडी चालवताना सुटत नाही आणि उतरल्यावर एका हाताने निघते. हे कुणा डिझायनरने शिकवलेलं नाही. गावाकडच्या म्हाताऱ्याची बंडी घ्या : खिसा आतून, पैसे छातीशी, काखेत मोकळी. परभणीतल्या दर्ग्याच्या उरुसात, गंगाखेडच्या बाजारात, शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी जिल्ह्यातून जाते तेव्हा माणसं काय घालून किती चालतात ते बघा. इन्स्टाग्रामवर दिसतं ते दुसऱ्या कुणीतरी आधीच पाहिलेलं असतं. तिथून उचललेलं डिझाइन चोरीचं नसलं तरी शिळंच.

आता प्रवासाचं. डिझायनरचा कामाचा प्रवास म्हणजे विमानतळावरचे फोटो, असा एक समज पसरला आहे. खरा प्रवास कापडामागे जायचा असतो, आणि परभणीकरांनी तो मानवतपासून सुरू करावा. सेलूही चालेल. दिवाळीनंतर बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्या लागतात. ओळखीने, रीतसर विचारून एखाद्या जिनिंगमध्ये जा. सरकी वेगळी होते, रुई वेगळी. क्विंटलभर कापसातून साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. १७० किलोची एक गाठ बांधायची तर जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो. व्यापारी चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढतो आणि धाग्याची लांबी सांगतो. ते त्याच्याकडून शिकून घ्या. कापडाचा पोत तिथून ठरत जातो, दुकानातल्या शोकेसमध्ये नाही. आपल्या कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे वाण काढले, त्यातल्या एकाचं नाव ‘परभणी तुराब’. दर्ग्यातल्या बाबांचं नाव कापसाला मिळालेलं गाव आहे हे, आणि इथल्या डिझायनर होऊ घातलेल्या मुलीला कॉटन आणि कॉटन-मिक्स यातला फरक लेबल वाचून कळावा, हे काही बरं नाही.

ही गाठ जिल्ह्याबाहेर जाते. परत येतं ते इचलकरंजी, मालेगाव, सुरतेचं कापड, त्यात बरंच पॉलिस्टर. मुलांचे गणवेश त्याच्यातच शिवलेले, भर उन्हाळ्यात अंगाला चिकटणारे. तुम्ही शिवणकाम करत असाल तर गिऱ्हाइकाला हे सांगा. सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून आधी भिजवून मग बेतायचं, हेही सांगा. अर्धा मीटर कापड वाचवण्यासाठी उरेबात कापायचा तुकडा सरळ कापून देऊ नका.

मानवतनंतर नांदेड. तिथली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, त्याचं कापड उदगीरकडे विणलं जातं. आपल्या शाळेवर फडकणारा झेंडा इतक्या जवळ तयार होतो, हे मुलांनी बघायला नको? मग येवला. मनमाडच्या रेल्वेमार्गावरचं नगरसोल स्टेशन येवला तालुक्यातच आहे. येवल्यात घराघरात माग आहेत, पैठणात आहेत. पैठणीचं रेशीम बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून, आणि काठ-पदरावरचे मोर, मुनिया, आसावली विणकर एकेक धागा हाताने गुंतवून भरतो. पदर भरजरी असेल तर एका साडीला महिनेच्या महिने जातात. हे पाहिल्यावर दोन हजारांत मिळणाऱ्या ‘पैठणी’बद्दल काही सांगायची गरज उरत नाही. जिंतूर तालुक्यातल्या तांड्यांवर गेलात तर म्हाताऱ्या बायांकडे फेटिया-काचळी अजून पेटीत असतील. कर्नाटकात संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या तांड्यांवरची सुई हळूहळू थांबत चालली आहे.

जाल तिथे एक पथ्य पाळा. न विचारता फोटो काढू नका, नमुना उचलून आणू नका. विणकराचा अर्धा दिवस घेतला तर निदान एखादा रुमाल तरी विकत घ्या. भाव करायचाच असेल तर मॉलमध्ये करून बघा. खर्चाची फार भीती नको. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. वर्षभराच्या क्लासच्या फीच्या मानाने ही सगळी भटकंती किरकोळ पैशात होते.

क्लास लावूच नका असं म्हणत नाही. पण पैसे भरण्यापूर्वी संस्थेत जा आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी शिवलेला एक कपडा मागून घ्या. तो उलटा करून बघा. मुंढ्याची शिवण सरळ आहे का, टक्स दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, आतल्या कडा धरल्या आहेत की धागे सुटलेत. भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा ही उलटी बाजू जास्त खरं बोलते. किती मुलींमागे किती मशिनी, प्रमाणपत्र कुणाचं, मागच्या वर्षी शिकलेल्या मुली आज कुठे आहेत, हे बिनधास्त विचारा. उत्तर देताना समोरचा चिडला तर उठून या. सरकारी आय.टी.आय.तले शिवणकामाचे अभ्यासक्रम स्वस्तात होतात. कृषी विद्यापीठाचं पूर्वीचं गृहविज्ञान, आताचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय इथे परभणीतच आहे आणि वस्त्रशास्त्र तिथे शिकवतात. मोठं स्वप्न असेल तर फॅशनची सरकारी संस्था, मुंबईची निफ्ट, खारघरला आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, मात्र देशभरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत पाठांतराचा उपयोग थोडा, निरीक्षणाचा जास्त. वही तिथे कामी येईल. आणि मुलीला आधीच कल्पना द्या : या धंद्यातले बहुतेक दिवस बटणं शोधण्यात, कापडाचा पन्हा मोजून हिशेब लावण्यात आणि नमुना चौथ्यांदा उसवण्यात जातात.

आता एक काम सुचवतो. लग्नाचा घागरा सगळेच शिवतात. दसऱ्यापासून आपल्या शिवारात कापसाची वेचणी सुरू होते. वेचणाऱ्या बाईच्या अंगावर काय असतं? साडी, तिच्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, कमरेला जुन्या लुगड्याची बांधलेली ओटी. शर्ट उन्हासाठी, आणि वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडतात म्हणूनही. त्या शर्टाची बटणं उलट बाजूला, खांदे मोठे, बाही मनगटावरून घसरून पऱ्हाटीत अडकते. ओटीत काही किलो कापूस साठला की सगळा भार कमरेच्या एका गाठीवर येतो आणि बाई दिवसभर तशीच वाकून असते. मजुरी किलोवर, म्हणून ती थांबत नाही. शिवाय रंगीत लुगड्याचे, प्लास्टिकच्या पोत्याचे धागे आणि डोक्याचे केस कापसात मिसळले की प्रत खालावते. कापडगिरणीला तो धागा रंगताना त्रास देतो. कापूस पांढऱ्या सुती पिशवीत वेचावा, डोकं झाकावं असं जाणकार सांगत आले आहेत.

म्हणजे कपडा लागतो कसा? पांढऱ्या, जाडसर सुती कापडाचा, भार खांद्यांवर घेणारा, ओटी खालून उघडून रिकामी करता येईल असा, मनगटाला घट्ट, साडीवर चढेल आणि पाठीला वारा लागेल असा. धुवायला सोपा, आणि मजुरी करणाऱ्या बाईला किंवा तिच्या मालकाला परवडेल इतकाच महाग. आपल्या जिल्ह्यात हा कपडा लागणाऱ्या बायका हजारोंनी आहेत आणि तो बेतायला लागणारी अक्कल घरोघरच्या मशिनींवर बसलेली आहे. फॅशन शिकणाऱ्या मुलींनी, शिवणकाम करणाऱ्या ताईंनी आणि बचत गटांनी यंदा हे मनावर घ्यावं. दसऱ्याच्या आधी एक झगा शिवा, वेचणीला जाणाऱ्या एका बाईला आठवडाभर घालायला द्या, आणि कुठे टोचतं, कुठे ओढतं ते तिलाच विचारून दुसरा शिवा.