एसटीचा वेतन करार मुदतीतच व्हायला हवा

संध्याकाळची मुक्कामी गाडी शेवटच्या गावात पोहोचते, प्रवासी आपापल्या घरी जातात आणि चालक-वाहक गाडीतच अंथरूण टाकतात. तिकिटाच्या पैशांची पिशवी उशाशी. पहाटे पहिल्या फेरीला कॉलेजची मुले आणि दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे याच गाडीची वाट पाहतात. या कामाचा पगार ठरवण्याची पद्धत मात्र पुरती कोलमडली आहे.

दर चार वर्षांनी महामंडळ आणि मान्यताप्राप्त संघटनेने बसून करार करावा, अशी एसटीतली रीत. एका कराराची मुदत 2016 मध्ये संपली आणि पुढचे घोडे अडले. 2017 च्या ऐन दिवाळीत चार दिवस गाड्या बंद राहिल्या. उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला. मग जून 2018 मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 4,849 कोटी रुपयांची वेतनवाढ परस्पर जाहीर केली. आठवडाभरातच कामगारांनी अचानक काम थांबवले. रक्कम मोठी होती, पण ती कोणाला किती आणि कशी मिळणार, हे संघटनांशी बोलून ठरलेच नव्हते.

2021 च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला संप याच अविश्वासातून चिघळला. महागाई भत्त्याची मागणी बघता बघता शासनात विलीनीकरणापर्यंत गेली. नोव्हेंबरमध्ये मूळ वेतनात सेवाकाळानुसार अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली, डिसेंबरमध्ये एका संघटनेने संप मागेही घेतला. तरी बहुतेक कामगार आगारात परतले नाहीत. वर्षानुवर्षे वर्गणी दिलेल्या संघटनेच्या शब्दालाही किंमत उरली नव्हती. त्याचा दोष सरकारचा, तसाच श्रेयासाठी आपसांत भांडणाऱ्या वीसहून अधिक संघटनांचाही. दहावी-बारावीच्या परीक्षा बहुतांशी एसटीविना पार पडल्या, खेड्यातल्या पोरांनी मिळेल त्या वाहनाने केंद्र गाठले. एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर संप मिटला.

करार तरी लगेच झाला का? नाही. सप्टेंबर 2024 मध्ये, गणपतीच्या तोंडावर पुन्हा संप झाला, तेव्हा कुठे एप्रिल 2020 पासून मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ मान्य झाली. ज्या चार वर्षांचा हा हिशेब, ती संपून पाच महिने उलटले होते! सणाच्या तोंडावर गाडी थांबवल्याशिवाय कोणी बोलावत नाही, हा धडा कामगारांना सरकारनेच दिला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये, तामिळनाडूतील सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात, त्यांना संपाचा मूलभूत किंवा कायदेशीर हक्क नसल्याचे म्हटले. एसटी कामगारांना औद्योगिक कायदे लागू आहेत, म्हणून त्यांची स्थिती वेगळी. तरी त्यांच्यावरही ‘मेस्मा’ या राज्याच्या अत्यावश्यक सेवा कायद्याची टांगती तलवार असतेच. अत्यावश्यक सेवा म्हणून संपावर बंधने घालायची असतील, तर वाटाघाटीही तितक्याच बंधनकारक असायला हव्यात. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 1966 मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा उभारली. तिच्यात वेतन-भत्ते, कामाचे तास आणि रजा यांवर एकमत झाले नाही, तर सक्तीच्या लवादाची सोय आहे.

एसटीलाही तशीच सोय हवी. कराराची मुदत संपण्याआधी सहा महिने बोलणी सुरू व्हावीत, महामंडळाने जमाखर्चाची कागदपत्रे संघटनांपुढे ठेवावीत आणि मुदत संपेपर्यंत सह्या झाल्या नाहीत, तर प्रकरण थेट लवादाकडे जावे. लवादाचा निर्णय सरकारवरही बंधनकारक असावा आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशाची तरतूद अर्थसंकल्पात आधीच व्हावी.