मैदान फक्त मेळाव्यापुरतं नसतं

एक विचारते, राग मानू नका. तुमच्या गावच्या मैदानाचा सर्व्हे नंबर किती? महाजन आयोगाने १९६७ साली कुठलं गाव कुठे टाकलं ते आपल्याला तोंडपाठ असतं. पण पोरं रोज संध्याकाळी जिथे खेळतात ती जमीन उताऱ्यावर कोणाच्या नावाने आहे, हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

सीमाभागातल्या मराठी चळवळीने हा प्रश्न आजवर कधी आपला मानलेलाच नाही. फलक, परिपत्रकं, शाळा, कोर्ट हे सगळं हवंच. पण मैदान, तलावाचा काठ, गडाचा माळ, गायरान हा पण हक्काचाच विषय आहे. तो आपण सोडून दिला आणि त्याची किंमत मोजतोय.

मी निपाणीकडची. सध्या बडोद्यात राज्यशास्त्र शिकते, राहायला अकोट्यात. विश्वामित्री नदीवरचा पूल ओलांडला (त्यावर आता सौर पॅनेलचं छप्पर आहे) की पलीकडे दांडिया बाजार, आणि तिथे जुम्मादादा व्यायाममंदिर. १८८० च्या सुमाराचा हा आखाडा जुम्मादादांनंतर माणिकरावांनी वाढवला आणि देशभर नावाला आणला. याच शहरातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. आणि आपल्या हुतूतूचे नियम १९२३ साली छापून काढले ते बडोद्याच्याच हिंदविजय जिमखान्याने. पुण्या-मुंबईच्या कौतुकातून आपण बाहेर आलो तर हे पण शाळेत शिकवता येईल.

क्रिकेटचं एक सांगते. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यातच विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. एक सांगलीचा, दुसरा लाहोरचा. फाळणी तोंडावर आली होती. तेव्हा बडोद्याच्या मैदानावर हे चाललं होतं.

आता कोणी म्हणेल, तिथे गायकवाडांचं राज्य होतं, मराठी माणसाला काय अडचण? बरोबर आहे. पण १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० साली बडोदं गुजरातेत गेलं. सत्ता गेली, कारभाराची भाषा बदलली. तरी १८७९ सालची कमाटी बाग, म्हणजे सयाजीबाग, आजही शहराच्या मधोमध आहे आणि पहाटे तिथे गुजराती, मराठी, सिंधी, हिंदी सगळ्या भाषांत गप्पा मारत लोक चालतात. सयाजीरावांचं नाव विद्यापीठावर आहे, बागेवर आहे, अकोट्यातल्या नगरगृहावर आहे. ते पुसा म्हणून कोणी मोर्चा काढत नाही. कारण ती बाग मराठी माणसांसाठी म्हणून राखीव केलीच नव्हती. ती शहराची होती, म्हणून शहराने सांभाळली.

माझा मुद्दा इथेच आहे. जे सगळ्यांचं असतं त्याला राखणदार जास्त मिळतात. जे फक्त आपलं म्हणून आपण कुंपण घालून ठेवतो, ते बंद करायला एक आदेश पुरतो.

बेळगावचं व्हॅक्सिन डेपो मैदान घ्या. २०२१ च्या डिसेंबरात महामेळाव्याच्या वेळी तिथे दीपक दळवींना काळं फासलं. २०२२ साली परवानगीच नाकारली. दोन्ही वेळा आपण पेटून उठलो, उठायलाच हवं होतं. पण वर्षाचे बाकीचे ३६४ दिवस त्या मैदानाचं काय चाललंय, हे आपल्यातल्या किती जणांनी बघितलं? तिथल्या स्मार्ट सिटीच्या बांधकामाला शहरातल्या नागरिकांनी विरोध केला, त्यात भाषेचा प्रश्न नव्हता, झाडांचा आणि मोकळ्या जागेचा होता. तो लढा आपला वाटला असता तर मेळाव्याच्या दिवशी आपल्या बाजूने बोलायला चार कन्नड माणसंही उभी राहिली असती.

येळ्ळूरचं उदाहरण तर घरातलं आहे. 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक २०१४ साली पाडला, पोलिसांनी लोकांना घराघरात घुसून मारलं. ते विसरायचं नाहीच. पण त्याच गावात यात्रेला कुस्तीचं 'महाराष्ट्र मैदान' भरतं, आणि कुस्ती जोडताना पैलवानाची मातृभाषा कोणी विचारत नाही. फलक उखडता येतो. लाल मातीभोवती हजारो माणसं बसली की ते उखडणं अवघड जातं.

कारवारची गोष्ट आणखी बोलकी आहे. जानेवारी २०२० मध्ये बंदराच्या विस्तारासाठी टागोर समुद्रकिनाऱ्याजवळ काम सुरू झालं, तेव्हा मच्छीमार रस्त्यावर आले, शहर बंद झालं. कोकणी, कन्नड, मराठी अशी भांडणं त्या वाळूत कोणी काढली नाहीत. संध्याकाळी पोराबाळांना घेऊन बसायची शहराची जागा जात होती, एवढंच सगळ्यांना कळलं. काम थांबवावं लागलं.

बडोद्याचं नुसतं कौतुक करायला मी बसलेली नाही. याच शहराने विश्वामित्रीकाठची मोकळी जमीन आणि कोतरं भरत आणली, भराव घातले, इमारती चढवल्या. नदीचा पूरपट्टा आणि कोतरं राखा, असं हरित लवादाला २०२१ साली सांगावं लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये धोक्याची पातळी २६ फूट असताना नदी ३५ फुटांच्या वर गेली. अकोट्यात पाणी शिरलं, मगरी रस्त्यांवर आल्या. आणि उपाय म्हणून लोकांना काय हवंय, तर अहमदाबादसारखा रिव्हरफ्रंट, जिथे अटल पुलावर चालायलाही तिकीट पडतं! मोकळी जमीन म्हणजे रिकामी जमीन, हा समज सगळीकडे एकच आहे, मग सरकार कुठल्याही भाषेत बोलो.

काही मोठी माणसं म्हणतात, आधी सीमाप्रश्न सुटू दे, मैदानं नंतर बघू. दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ सालापासून आहे. त्या वर्षी जन्मलेलं पोर खेळायचं वय संपवून नोकरीच्या अर्जांना लागलंय. त्याला काय सांगणार? तुझं मैदान निकालानंतर मिळेल?

आणि एक कडू गोष्ट, पोरींच्या वतीने. 'सगळ्यांचं मैदान' म्हणताना आपल्या गावात त्यात आम्ही नसतोच. तालमीच्या दारात पोरगी दिसली तर चार माना वळतात. कन्नड पोरांना सामावून घेण्याची भाषा करण्याआधी घरातल्या बहिणीला बॅट द्या. बडोद्यात भल्या पहाटे एकटीने बागेत धावता येतं, हे आईला फोनवर सांगितलं तर तिला आधी खोटंच वाटलं.

तेव्हा येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. मैदानाचा उतारा दाखवा. त्यावर 'क्रीडांगण' अशी नोंद आहे का ते सांगा, नसेल तर ठराव करा. आणि संध्याकाळी तिथे दिवे लावा, म्हणजे पोरींनाही येता येईल. उतारा कन्नडमध्ये मिळेल, मराठीतही मागा, तो आपला हक्क आहे. पण अर्जावर कन्नडभाषक शेजाऱ्याचीही सही घ्या. त्याची पोरं पण तिथेच खेळतात.