हळू... कॅमेरा चालू आहे!

“त्यात काय एवढं? मी करते ना!”

आयुष्यात मी ओढवून घेतलेल्या लफड्यांपैकी निम्मी याच वाक्यानं सुरू झालीयेत. या वेळी निमित्त होतं मामेबहिणीच्या लग्नाचं. तिला संगीतच्या दिवशी स्लो-मोशन बूथ हवा होता. म्हणजे एक कोपरा, मागे छानसा पडदा, समोर कॅमेरा. पाहुण्यांनी यायचं, तीन सेकंद धमाल करायची आणि मिनिटाभरात आपली हिंदी सिनेमातल्या एंट्रीसारखी संथ, झोकदार क्लिप मोबाइलवर घेऊन जायची. बूथवाल्यानं एका संध्याकाळचा जो आकडा सांगितला तो ऐकून मामानं फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला. कानाला लावल्यावर आकडा कमी होईल अशी त्याला आशा असावी!

तर झालं, मी हो म्हणून बसले. मावसभावाचा कॅनन ईओएस आर १० कॅमेरा होता, माझा लॅपटॉप होता आणि दोन एलईडी पॅनल भाड्यानं मिळाले. बूथचं सॉफ्टवेअरही ट्रायलवर उतरवून घेतलं. डीएसएलआरबूथ, ब्रीझ, आयपॅडसाठी लुमाबूथ... चॉइस बक्कळ आहे. सगळ्यांचं काम साधारण सारखंच. कॅमेऱ्यावर ताबा घ्यायचा, तीन-दोन-एक मोजायचं, रेकॉर्ड करायचं, वर नवरा-नवरीच्या नावाची फ्रेम आणि खाली गाणं चिकटवायचं आणि क्यूआर कोड दाखवायचा.

माझी पहिली चूक म्हणजे, स्लो-मोशन सॉफ्टवेअर करतं असं मी धरून चालले होते. बटण दाबलं की संथ! पण तसं नसतं हो. साध्या व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. ती तुम्ही चौपट ताणलीत तर सेकंदाला जेमतेम सहा उरतात, आणि मग नवरीची बहीण नाचत नाही, उचक्या देते. खरं स्लो-मोशन हवं तर आधी सेकंदाला शंभर-एकशेवीस चित्रं काढायची आणि मग ती पंचवीस-तीसच्या वेगानं निवांत दाखवायची. ही आयडिया आजची नाही. ऑस्ट्रियातल्या ऑगस्ट मुसगर नावाच्या धर्मगुरूनं १९०४ मध्येच तिच्यासाठी पेटंट घेतलं होतं. थोडक्यात काय, सॉफ्टवेअर बिचारं फक्त वाढपी. स्वयंपाक कॅमेऱ्यात होतो.

या कॅमेऱ्यात ‘हाय फ्रेम रेट’ नावाचा ऑप्शन आहे. तो ऑन केला की फुल एचडीमध्ये एकशेवीसपर्यंत फ्रेम्स मिळतात. दोन गोष्टी मात्र कुणी सांगत नाही. एक, यात आवाज रेकॉर्डच होत नाही, त्यामुळे ‘पाहुण्यांनी कॅमेऱ्यात शुभेच्छा द्याव्यात’ वगैरे प्लॅन विसरा. दुसरी गोष्ट मला जरा महागात पडली. हा कॅमेरा फाइल सेव्ह करतानाच ती चौपट संथ करून ठेवतो. मी सॉफ्टवेअरमध्येही इमानदारीत ‘पंचवीस टक्के वेग’ निवडला होता. घरच्या ट्रायलला मावशीनं तीन सेकंद पदर उडवला. त्या तीन सेकंदांचे कॅमेऱ्यानं बारा केले आणि सॉफ्टवेअरनं अठ्ठेचाळीस! मावशी म्हणाली, “अगं, पदर खाली यायच्या आत मी कुकर लावून येते.” तेव्हा कॅमेरा संथ करत असेल तर सॉफ्टवेअरला शंभर टक्केच ठेवा, दोघांना एकच काम देऊ नका.

बाकी किरकोळ गोष्टी पटापट सांगते. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड हवंच, व्हिडिओ आधी तिथे जातो. ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद करा, नाहीतर ऐन गर्दीत कॅमेरा डुलकी काढतो. बॅटरीऐवजी प्लगवर चालणारी डमी बॅटरी मिळते, ती घ्या. कंपनीचं स्वतःचं ‘ईओएस युटिलिटी’ लॅपटॉपवर उघडं असेल तर ते आधी बंद करा, कारण कॅमेरा एका वेळी एकाच प्रोग्रॅमचं ऐकतो. आणि केबल जमिनीला चिकटपट्टीनं चिकटवा. लग्नात लहान मुलं असतात.

आता खरी गंमत. लग्नाच्या दोन दिवस आधी कार्यालयात जाऊन ट्रायल घेतली. मंगल कार्यालय अगदी टिपिकल पुणेरी. पांढऱ्या ट्यूब, भिंतीभर एलईडीच्या माळा. क्लिप लावून बघितली आणि माझे डोळे पांढरे झाले. अख्खं चित्र लुकलुकत होतं, सेकंदाला चार-पाच वेळा. लग्नघर कसलं, रामसे बंधूंचा बंगला वाटत होता!

त्या रात्री साडेअकरापर्यंत मी आणि मावसभाऊ हे कोडं सोडवत बसलो होतो. झालं असं होतं की आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. म्हणजे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण सेकंदाला एकशेवीस फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला ते बरोब्बर कळतं. दिव्याचे शंभर आणि कॅमेऱ्याचे एकशेवीस, दोघांची पावलं जुळत नाहीत. त्यातल्या वीसच्या फरकाची लुकलुक होते आणि ती चौपट संथ झाली की सेकंदाला पाच, आमच्या भूतबंगल्याचा आकडा. मी एकशेवीस घेतले होते कारण शंभरपेक्षा एकशेवीस जास्त! शॉपिंगला बरं आहे हे लॉजिक, इथे नाही. मेन्यूमध्ये ‘व्हिडिओ सिस्टिम’ असते, तिथे अमेरिकेतल्या साठ हर्ट्झला सोयीचं एनटीएससी सोडून आपलं पॅल निवडलं की एकशेवीसच्या जागी शंभर येतात. शंभराला शंभर! शटर स्पीड १/१०० ठेवला तर प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याची पूर्ण एक फेरी सामावते आणि लुकलुक जवळपास नाहीशी होते.

जवळपासच, कारण १/१०० ला उडणाऱ्या फुलांचा लगदा दिसतो. पाकळी अन् पाकळी सुटी दिसायला मला १/२०० हवं होतं, आणि तिथे ट्यूब पुन्हा दगा देते, चित्रावरून काळसर पट्टे सरकतात. म्हणून आम्ही कार्यालयाच्या मॅनेजरकाकांना गाठलं.

“काका, या कोपऱ्यातल्या दोन ट्यूब संगीतला बंद ठेवाल का? आणि ही माळ जरा पलीकडे?”

“लग्नघरात अंधार? मॅडम, मला कुणी विचारलं तर?”

“माझं नाव सांगा.”

“तुमचं नाव सांगून कुणाला काय कळणार?” (पुणे आहे हे. चालायचंच.)

शेवटी मामानं मध्यस्थी केली. ट्यूब बंद आणि आमचे दोन पॅनल चालू. भाड्यानं घेतानाच हे न लुकलुकणारे आहेत याची खात्री करून घ्या, कारण स्वस्तातले पॅनल मंद केले की तेही लुकलुकतात. आणि यासाठी मीटर-बिटर काही लागत नाही! तुमच्या फोनमधला स्लो-मो मोड चालू करा, दिव्याकडे धरा, दहा सेकंद शूट करून बघा. हॉल बुक करायला जाल तेव्हाच हा उद्योग केलात तर माझ्यासारखी रात्र जाणार नाही.

प्रकाश मात्र भरपूर लागतो. नेहमीच्या १/५० वरून १/२०० ला गेलात की कॅमेऱ्यात चौथाच हिस्सा उजेड येतो. जास्तीचे दिवे आणायचे म्हणजे आला खर्च. आम्ही पॅनल तीन मीटरवरून दीड मीटरवर आणले. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट, फुकटात हिशेब चुकता! फोकस हातानं लॉक करून टाकला आणि जमिनीवर टेपची फुली मारली, ‘सगळ्यांनी इथे उभं राहायचं’ म्हणून.

इतकं सगळं केलं, संगीतला रांगही लागली, आणि आलेले पाहुणे काय करतात? फुलीवर उभे राहतात, खांदे जोडतात, दात दाखवतात आणि स्तब्ध! बारा सेकंद! अहो, याला स्लो-मोशन नाही, पासपोर्ट फोटो म्हणतात. चूक त्यांचीही नाही म्हणा. १९२५ मध्ये अनातोल जोसेफोनं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर फोटोबूथ उघडला, पंचवीस सेंटमध्ये आठ फोटो. तेव्हापासून बूथ म्हणजे पोझ हेच डोक्यात बसलंय. मग मी गुलाबाच्या पाकळ्यांची टोपली आणून ठेवली, कोपऱ्यात टेबल फॅन लावला आणि प्रत्येकाला एकच सांगायला लागले, “काहीतरी उडवा!” दुपट्टे उडाले, केस उडाले, एका काकांचा फेटा उडाला. त्यांची क्लिप रात्रीत फॅमिली ग्रुपवर सुपरहिट.

आजी मात्र लांब खुर्चीवरच बसून होती. आईची आई, वय चौऱ्याऐंशी. तिला पार्किन्सन्स आहे, उजवा हात सारखा थरथरतो. गेली चार वर्षं ती फोटो काढूच देत नाही. फोटोत हाताच्या जागी नुसता पांढुरका धूर येतो आणि ती अल्बम मिटून ठेवते. साखरपुड्यालाही ग्रुप फोटोच्या वेळी ती बरोब्बर पाणी प्यायला गेली होती.

“आजी, ये ना. तीन सेकंद फक्त.”

“नको गं. हात हलतो.”

“इथे हलायचंच असतं. न हलणाऱ्यांना मी हाकलून देतेय.”

ती हसली. मामीनं हात धरून तिला फुलीवर आणलं आणि ओंजळीत पाकळ्या दिल्या. उडवायच्या कशा हे तिला सांगायलाच लागलं नाही, उडवायची ताकदही नव्हती. तिनं ओंजळ नुसती पुढे धरली. हात थरथरत होता आणि पाकळ्या आपोआप सांडत होत्या.

लॅपटॉपवर क्लिप आली. या थरथरीचा वेग सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकावे इतका असतो. चौपट संथ झाला की सेकंदाला एखादा हेलकावा उरतो, पाळणा हलावा तसा. आणि १/२०० ला धूर वगैरे काही नाही. बोटं स्वच्छ, बांगड्या स्वच्छ, नखाला लागलेली मेंदीसुद्धा. एकेक पाकळी बोटांच्या फटीतून सुटून खाली येत होती.

आजीनं चष्मा वर सरकवला आणि स्क्रीनजवळ गेली. मागे रांगेतली पोरं चुळबुळ करायला लागली होती.

“ही पाटली दिसतेय बघ,” ती मामीला म्हणाली. “आईनं दिलेली. फोटोत कधी आलीच नाही.”

मग माझ्याकडे वळून, “परत लाव. आणि सांगलीला माझ्या बहिणीला पाठव. तिला म्हणावं, गाणं बंद करून बघ, फार मोठ्यानं वाजतंय.”

पोरांना तशीच ताटकळत ठेवून मी परत लावली. गाण्याचा आवाज आधी कमी केला.