रीफ टँकचा कंट्रोलर : खरेदीपूर्वी थोडा विचार

कापडाचा व्यापारी माशांच्या टाकीवर लिहितो, याचे वाचकांना आश्चर्य वाटेल. माझा एक भाचा मुंबईत दवाखाने, कार्यालये आणि काही शौकीन घरे यांच्या ॲक्वेरियमची देखभाल महिन्याच्या ठरावावर करतो. कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारात आणि क्रॉफर्ड मार्केटात त्याची नेहमीची ये-जा. गोड्या पाण्याच्या टाक्यांवर त्याचे बरे चालले होते; आता खाऱ्या पाण्याच्या, म्हणजे रीफ टँकच्या, ऑर्डरी येऊ लागल्या आहेत. गेल्या महिन्यात तो एका परदेशी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचे कोटेशन घेऊन पेढीवर आला. "मामू, हे एकच यंत्र बसवलं की तापमान, पीएच, दिवे, पंप सगळं मोबाइलवर. रात्री-अपरात्री धावायला नको," असे त्याचे म्हणणे. रक्कम पाहून मी त्याला आधी चहा पाजला.

ज्या तरुणांनी हा धंदा धरला आहे किंवा धरू पाहत आहेत, त्यांच्यासाठी त्या दिवशीचे बोलणे येथे मांडतो. माझे मत असे की, कंट्रोलर काय काय करतो हे शेवटी पाहावे. तो बंद पडला, वीज गेली किंवा वीज परत आली, तर त्याला जोडलेली प्रत्येक वस्तू कोणत्या अवस्थेत राहते, हे सर्वांत आधी पाहावे.

या प्रश्नाची किंमत भाच्याने एकदा मोजली आहे. मे महिन्यात एका दवाखान्यातील टाकीचा चिलर त्याने वायफायवर चालणाऱ्या स्वस्त प्लगला जोडला होता. शनिवारी रात्री अर्धा तास वीज गेली. परत आली तेव्हा पंप सुरू झाले, पण प्लग बंदच राहिला. वीज आल्यावर बंद राहावे, असेच त्याचे सेटिंग होते आणि ते कोणी तपासले नव्हते. रविवारी दवाखाना बंद. सोमवारी सकाळी पाणी ३३ अंशांवर गेलेले, मासे कसेबसे तगलेले आणि मऊ प्रवाळ वितळून टाकीला वास सुटलेला. डॉक्टरसाहेबांनी एक पैसा कापला नाही, मात्र पुढच्या महिन्यापासून ठराव बंद केला.

रीफ टँकचे पाणी साधारण २४ ते २७ अंशांत आणि क्षारता हजारी ३५ भागांच्या आसपास ठेवावी लागते. परदेशी माहितीपत्रकांत हीटरची चर्चा फार असते, ते त्यांच्या हवेला धरून ठीकच आहे. मुंबईत वर्षातील बहुतेक महिने हीटरची गरजच पडत नाही. येथे सगळा खेळ चिलरचा. तरीही लोक पुस्तकात वाचून ३०० लिटरच्या टाकीत ३०० वॅटचा हीटर टाकून ठेवतात. हिशोब करून पाहा. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे १.१६ वॅट-तास लागतात. रिले चिकटून हा हीटर चालूच राहिला आणि उष्णता बाहेर गेली नाही असे धरले, तर पाणी तासाला पाऊण अंशाहून अधिक चढेल. आठ तासांच्या झोपेत सहा-सात अंश. हीटर १०० वॅटचा असता तर तेवढ्याच वेळात दोन-सव्वादोन अंश चढले असते आणि सकाळी हाताला काही लागले असते. महाग कंट्रोलरमध्येही रिले असतोच आणि रिले चिकटतोच. म्हणून हीटर लहान घ्यावा, आणि मार्च ते ऑक्टोबर तो सॉकेटमधून काढूनच ठेवावा.

चिलरला कॉम्प्रेसर असतो. सुरू होताना तो चालत्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. कंट्रोलरच्या नाजूक रिलेवर हा भार थेट टाकणे म्हणजे पॉवरलूमची मोटर घरातल्या दिव्याच्या बटणावर चालवणे. यंत्रमागाच्या शेडमधला कोणताही वायरमन सांगेल की मध्ये कॉन्टॅक्टर घाला. कंट्रोलर फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला हुकूम देईल, भार कॉन्टॅक्टर उचलेल. शिवाय वीज आल्याबरोबर कॉम्प्रेसर लगेच उचलू नये, तीन-चार मिनिटे थांबावा. ही सोय शेनझेनच्या इंकबर्डच्या साध्या दोन सॉकेटच्या तापमान-कंट्रोलरमध्येही मिळते. खाऱ्या पाण्याच्या जवळ हे सर्व बसणार, तेव्हा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी सर्वांच्या मागे हवा. त्यावर पैसे वाचवणाऱ्याशी मी व्यवहार करणार नाही.

आता पीएचचे पाहू. भाचा म्हणतो, हा कंट्रोलर पीएच पाहून स्वतःच डोस सोडतो. येथे माझ्या धंद्याचा तजुर्बा उपयोगी पडला. रिॲक्टिव्ह रंग सुतावर पक्का बसवण्यासाठी प्रोसेस हाऊसमध्ये सोडा ॲश घालतात. रीफ टँकची अल्कलिनिटी वाढवायलाही हीच सोडा ॲश वापरतात, हे ऐकून मला गंमत वाटली. काही वर्षांपूर्वी एका प्रोसेस हाऊसमधून माझा एक लॉट असा आला की पहिल्या थानाचा निळा आणि शेवटच्या थानाचा निळा भाऊ-भाऊही वाटेनात. चौकशी केली तर पीएचचा प्रोब कित्येक महिने कॅलिब्रेट केलेला नव्हता. प्रोब खोटे सांगत होता आणि यंत्र त्याच्यावर इमानदारीने विश्वास ठेवून डोस सोडत होते. माणूस असता तर निदान कापडाकडे पाहून थबकला असता.

टाकीच्या पीएचमध्ये आणखी एक फसवणूक आहे. बंद वातानुकूलित खोलीत माणसे जास्त असली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच उतरतो, अल्कलिनिटी मात्र जागच्या जागी असते. दवाखान्यात गर्दीच्या संध्याकाळी हे घडणारच. तो आकडा पाहून सोडा सोडला तर टाकीचे नुकसान होईल. पीएच पाहावा, इशाऱ्यासाठी ठेवावा. डोसिंग पंपाचा हुकूम त्याच्या हाती देऊ नये. प्रोब ही झिजणारी वस्तू आहे. साधारण वर्ष-दीड वर्षात बदलावा लागतो, आणि ७ व १० पीएचच्या द्रावणांत अधूनमधून तपासावा लागतो. कोटेशनमध्ये यंत्राची किंमत होती, पण दुसऱ्या प्रोबची नव्हती.

आणि मुळात डोसिंग हवेच कशाला? कॅल्शियम आणि अल्कलिनिटी मोठ्या प्रमाणात खातात ते कठीण, दगडी प्रवाळ. आपल्या देशात दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि सी-फॅन २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. बाजारात कोणी कानात सांगून असा माल देत असेल, तर तो घेऊ नये. बिलाशिवायच्या मालाने किती पेढ्या बसल्या, हे मी पाहिले आहे. मासे आणि मोजके मऊ प्रवाळ एवढीच टाकी असेल, तर नियमित पाणी बदलण्याने भागते. मग अमेरिकेतील दगडी प्रवाळांच्या शौकिनासाठी बनवलेल्या यंत्राचे अर्धे अंग आपण विनाकारण विकत घेतो.

तरीही मोठा कंट्रोलर निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. नेपच्यून कंपनीच्या ॲपेक्समध्ये प्रत्येक सॉकेटसाठी लिहून ठेवता येते की मुख्य यंत्राशी संपर्क तुटल्यास हे चालू राहावे की बंद. पाणी फिरवणारा पंप चालू, हीटर बंद, डोसिंग बंद, चिलर त्याच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर चालू. ज्याने ही सोय केली त्याने टाकी मरताना पाहिली असावी. परंतु त्याची अमेरिकेत विकली जाणारी सॉकेटपट्टी १२० व्होल्टची आहे आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. नातेवाइकाच्या बॅगेतून आणलेली पट्टी येथे जोडता येणार नाही. जर्मनीच्या जीएचएल कंपनीच्या प्रोफिलक्सची युरोपातली आवृत्ती व्होल्टेजला चालते, प्लग मात्र तिकडचे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारी रीफ-पाय ही प्रणाली फुकट आहे, पण ती बसवणारा आजारी पडला तर दुरुस्त कोण करणार? अमेरिकेत एके काळी खूप चालणारा रीफकीपर आज बनतही नाही. ज्यांच्याकडे तो आहे, ते सुट्या भागांसाठी जुना माल शोधत फिरतात.

वीज गेल्यावर मात्र यांपैकी एकही यंत्र टाकी वाचवत नाही. पाणी थांबले की त्यातला प्राणवायू काही तासांत उतरतो आणि दाटीने मासे भरलेली टाकी आधी जाते. बॅटरीवर चालणारा एक लहान डीसी पंप किंवा एअर पंप त्या वेळी हजार आलेखांपेक्षा मोलाचा. इंटरनेटचा राउटरही त्याच बॅटरीवर हवा, नाहीतर मोबाइलवर येणारा इशारा कोण पाठवणार?

भाच्याने शेवटी काय केले, ते सांगतो. दोन दवाखान्यांसाठी त्याने साधे तापमान-कंट्रोलर, कॉन्टॅक्टर, आरसीसीबी आणि बॅटरीचा पंप घेतला. आपोआप गोडे पाणी भरण्यासाठी एकावर एक असे दोन फ्लोट स्विच लावले, म्हणजे खालचा गोगलगायीने अडकला तरी वरचा पंप तोडेल. बसवल्यावर दोन्ही ठिकाणी त्याने स्वतः मेन स्विच पाडून दहा मिनिटे घड्याळ लावून पाहिले. वांद्र्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला मोठाच कंट्रोलर हवा आहे. त्याच्यासाठी विक्रेत्याकडे २३० व्होल्टची पट्टी, दोन वर्षांचे प्रोब आणि बिघाड झाल्यास बदली यंत्र किती दिवसांत मिळेल, हे लेखी मागितले आहे. पंधरा दिवस झाले. विक्रेत्याने रंगीत माहितीपत्रक पुन्हा एकदा पाठवले आहे.