रुळांचा गेज आणि मदरबोर्डचा सॉकेट

१८८०च्या दशकात कॅसलरॉकला दोन रेल्वे येऊन भिडल्या. एक मुरगाव बंदराकडून घाट चढून आलेली, पोर्तुगीज हद्दीतली. दुसरी लोंढ्याकडून गेलेली, सदर्न मराठा रेल्वे कंपनीची. राज्ये दोन, झेंडे दोन. पण रूळ दोघींचेही एक मीटर रुंद, म्हणून वाघिणी न बदलता माल थेट बंदराला लागला. याउलट स्वातंत्र्यानंतर पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा देश एक आणि रेल्वेखातेही एक होते. तरी मुंबईहून लोंढ्याला येणाऱ्याला मिरजेत सामान उतरवून मीटरगेजची गाडी धरावी लागे. १९९०च्या दशकात मिरज-लोंढा मार्गाचे रूळ रुंद झाले तेव्हा ती हमाली संपली. मालक कोण यापेक्षा माप जुळते का, हा प्रश्न मोठा ठरतो तो असा.

पन्नास ते ऐंशी हजारांत आपल्या पसंतीचा डेस्कटॉप जोडून घेऊ पाहणाऱ्याने प्रोसेसरच्या जाहिराती वाचण्याआधी मापांचा हा इतिहास वाचावा, असे आमचे मत आहे.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी जाहीर केला, तो घाईत. सगळे भाग घरी बनवायला वेळ नव्हता, म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची आणि फ्लॉपी ड्राइव्ह जुगी टंडन या भारतीय वंशाच्या उद्योजकाच्या कंपनीचे. वर अंतर्गत आराखडे पुस्तक छापून विकले. कॉम्पॅक आणि इतरांनी त्यांबरहुकूम चालणारी यंत्रे काढली आणि पाहता पाहता मूळ कंपनीच मागे पडली. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ काढून दार लावायचा प्रयत्न केला. त्यातली नवी बस (भागांना आपसात जोडणारी वाट) वापरायची तर परवाना आणि पैसे. बाजार त्या बसमध्ये बसला नाही. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले: मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोके ठरल्या जागी, मागच्या पोर्टांची खिडकी ठरल्या आकाराची. तीस वर्षांत प्रोसेसर ओळखू येणार नाहीत इतके बदलले, पण स्क्रूची ती भोके अजून तिथेच आहेत.

भारतात हवे ते भाग जोडण्याचे हे स्वातंत्र्य सरकारी धोरणाच्या मागून आले. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सैल केली. १९९७ साली भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५पर्यंत या मालावरचे आयात शुल्क शून्यावर आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) आणि बंगळुरूचा एस. पी. रोड या धोरणांवर वाढले. एस. पी. रोडवर घेतलेला मदरबोर्ड राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीतून लोंढ्यावरून बेळगावात पोचू लागला आणि खानापूर तालुक्यातल्या पोरालाही ‘असेंबल्ड’ मशीन परवडू लागले. सीमाभागाला आणखी एक गोष्ट लाभली. २०१७पूर्वी कोल्हापूरची खरेदी आणि हुबळीची खरेदी यांना दोन राज्यांचे दोन वेगळे कर लागत. आज दोन्हीकडे जीएसटी तोच, १८ टक्के.

बाजारात मिळणारे भाग हुशारीने जोडण्याचे मराठी मुलखातले मोठे उदाहरण पुण्याचेच आहे. १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली ती अमेरिका महासंगणक द्यायला कुरकुर करत होती म्हणून. विजय भटकर यांच्या चमूने स्वतःचा प्रोसेसर बनवण्याचा हट्ट धरला नाही. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे उघड्या बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर समांतर जोडले आणि १९९१ साली परम ८००० उभा केला. मुदत तीन वर्षांची, पैसा सुमारे तीस कोटींचा. बजेट आखडते असले की भागांची निवड अधिक डोळसपणे होते.

याच सी-डॅकचे जिस्ट कार्ड आज फारसे कोणाला आठवत नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम पुण्यात पुढे गेले आणि पीसीच्या स्लॉटमध्ये बसवायचे एक कार्ड तयार झाले. डॉसच्या काळात पडद्यावर देवनागरी किंवा कन्नड अक्षर उमटवायचे तर ते विकत घ्यावे लागे. म्हणजे मराठी हा तेव्हा मशीनचा एक सुटा भाग होता, किंमत मोजून घेण्याचा! पुढे युनिकोड आले, लिपी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये विरघळली आणि कार्ड भंगारात गेले. साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड मदरबोर्डच्या पोटात गेले. मोडेम आणि डीव्हीडी ड्राइव्हची गरजच सरली. ग्राफिक्स कार्डाचेही निम्मे काम आता प्रोसेसरच करतो.

या इतिहासातून आम्ही काढतो तो निष्कर्ष दुकानदाराच्या सल्ल्याच्या उलटा आहे. जे भाग वेगाने जुने होतात किंवा दुसऱ्याच्या पोटात जातात, त्यांवर सुरुवातीला हात आखडावा. जिथे भाग एकमेकांना जुळतात, त्या जागांवर सैल सोडावा. लग्नपत्रिका मराठीत आणि कन्नडमध्येही लावणारा डीटीपीवाला, टॅलीवर हिशेब ठेवणारा दुकानदार, कोडिंग शिकणारा विद्यार्थी यांना पहिल्या दिवशी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर घ्यावा, स्लॉट रिकामा ठेवावा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याची किंवा गेम खेळणाऱ्याची गोष्ट निराळी.

मदरबोर्ड निवडताना सॉकेटचे, म्हणजे प्रोसेसर जिथे बसतो त्या खाचेचे, आयुष्य पाहावे. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६चा. जुना बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवण्याची सोय त्याने वर्षानुवर्षे दिली. २०२२ला आलेल्या एएम५बद्दल कंपनीने २०२७ आणि त्यापुढेही पाठिंब्याचा शब्द दिला आहे. इंटेलचा एलजीए १७०० हा २०२१चा सॉकेट तीन पिढ्या चालला आणि २०२४ला नवा आला. म्हणून इंटेल वाईट असे नव्हे. स्वस्तात मिळाला तर बारावी-तेराव्या पिढीचा आय५ आजही चोख काम देतो, पण तो घेताना पुढची वाट तिथे संपते हे माहीत असावे. डीडीआर४ची रॅम डीडीआर५च्या खाचेत बसत नाही. मिरजेला गाडी बदलण्याचा प्रकार तो हाच.

आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. लोंढ्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावात या एका भागाबद्दल जितके लिहावे तितके थोडे. मे महिन्यातला वळीव, विजांचा कडकडाट, वीज गेली-आली की व्होल्टेजचा झटका, नंतर चार महिने भिंतींना ओल. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट मिळणारा एसएमपीएस या हवेत मदरबोर्डसकट घेऊन जातो. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला निकृष्ट इलेक्ट्रोलाइटमुळे जगभर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटले. दुरुस्तीच्या दुकानांतून ‘कपॅसिटर फुगलाय’ हे वाक्य तेव्हापासून ऐकू येते. साडेपाचशे वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस घ्यावा. ‘८० प्लस’चा शिक्का किती वीज वाया जात नाही एवढेच सांगतो, झटक्यापासून संरक्षण किती ते सांगत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, हेही लक्षात असू द्यावे. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. मशीनच्या कुठल्याही महागड्या भागापेक्षा ती बादली अधिक कामाची.

किमतींवर मात्र आपला ताबा कधीच नव्हता. १९९३ साली जपानमध्ये निहामा इथल्या सुमितोमोच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर ओतायचे रेझिन तिथे बनत होते, आणि रॅम जगभर महागली. १९९९चा तैवानचा भूकंप, २०११चा थायलंडचा पूर (तेव्हा हार्ड डिस्क महागल्या), मग क्रिप्टोवाल्यांनी उचललेली ग्राफिक्स कार्डे. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीच खाऊन टाकली. त्या डिसेंबरात मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँड गुंडाळण्याचे जाहीर केले. अशा वेळी ३२ जीबीचा हट्ट सोडून १६ जीबीची एक पट्टी घ्यावी आणि दुसरी खाच मोकळी ठेवावी. मागचे तेजीचे उधाण ओसरले तसे हेही ओसरेल; कधी, ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लॅपटॉपमध्ये रॅम आता बोर्डालाच झाळून येते, छोट्या डब्यांच्या पीसीत प्रोसेसर बदलता येत नाही. आयबीएमला १९८७ साली जे दार लावता आले नाही, ते आता एकेक स्क्रू काढून लावले जाते आहे. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन आणि सर्व्हर यांच्या आयातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा डेस्कटॉपचे सुटे भाग बाहेर ठेवले, हे योग्यच झाले. पुढेही ते बाहेरच राहावेत. देशी उत्पादनाच्या नावाखाली या बाजारावर शुल्क बसवले तर त्याची झळ लॅमिंग्टन रोडला कमी आणि लोंढा-खानापूरच्या गिऱ्हाइकाला जास्त लागेल.

वाचकांना एवढेच सांगणे: बेळगावात कोटेशन मागाल तेव्हा प्रोसेसरची ओळ दुकानदार स्वतःहून ठळक लिहील. एसएमपीएस आणि मदरबोर्डच्या ओळी मात्र कंपनी, मॉडेल नंबर आणि वॉरंटीच्या वर्षांसकट तुम्ही लिहून घ्या, आणि पक्क्या बिलाशिवाय पैसे देऊ नका.