दोन टेराबाइट कोणत्या दाराने जातात?

नागपूर : स्फोटके आणि दारूगोळा बनविणाऱ्या येथील सोलर इंडस्ट्रीजवर जानेवारी २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला. ‘ब्लॅककॅट’ या नावाने वावरणाऱ्या खंडणीखोर टोळीने कंपनीची सुमारे दोन टेराबाइट माहिती पळविल्याचा दावा केला. लष्कराला हातबॉम्ब पुरविणाऱ्या उद्योगसमूहाचा प्रश्न असल्याने देशाच्या सुरक्षेची चर्चा होणे स्वाभाविकच होते. मात्र त्या चर्चेच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. एवढी माहिती बाहेर जाते तेव्हा ती कोणत्या दाराने जाते आणि त्या दारावर पहारा कुणाचा असतो?

टोळीचा दावा खरा मानला, तर हिशेब बोलका आहे. सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून दोन टेराबाइट माहिती पाठविण्यास अखंड ४४ तास लागतात. ही चोरी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होणारी नव्हे.

संगणकावरील प्रत्येक सेवेला क्रमांकाचे एक दार असते. त्यालाच ‘पोर्ट’ म्हणतात. फाइल पाठविण्याच्या ‘एफटीपी’ या जुन्या सेवेचे दार २१ क्रमांकाचे. ते ठोठावताच सेवा ‘२२०’ हा संकेत देते आणि पुष्कळदा आपल्या सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्तीही सांगून मोकळी होते. हा भिडस्तपणा तिच्या जन्मकाळातला. अलाहाबादेत जन्मलेले, कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे अभय भूषण यांनी अमेरिकेत एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये तिचा पहिला आराखडा लिहिला. तेव्हा संगणकांचे जाळे मूठभर संस्थांपुरते होते, त्यामुळे पासवर्डही उघड्या अक्षरांत जाई. मूळ एफटीपीत तो आजही तसाच जातो.

अशा सेवा शोधणे कठीण नाही. कार्यालयाच्या नेटवर्कची पाहणी करणारी मोफत साधने उपलब्ध आहेत. आश्चर्य वाटते ते सापडणाऱ्या ठिकाणांचे. फोटोकॉपी यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हिशेबाचा जुना सर्व्हर. ठेकेदाराने दोन दिवसांसाठी सुरू केलेली सेवा तो गेल्यावरही वर्षानुवर्षे सुरूच राहते.

केवळ क्रमांकावर विसंबून मात्र चालत नाही. एफटीपी भलत्याच दाराआडही बसविता येते. म्हणून दोन संगणकांमधील संभाषणाची धाटणी तपासावी लागते. ‘एसएफटीपी’सारख्या सेवेत तर मजकूर कूटबद्ध असतो. ब्लॅककॅटशी जोडल्या गेलेल्या फाइलचोर साधनाची भिस्त अशाच सेवांवर होती. तेथे आतले काही दिसत नाही. पण कोणत्या संगणकाने कुठे, कधी, किती पाठविले, हे दिसते. लेखा विभागातला संगणक रात्री दोन वाजता अनोळखी परदेशी पत्त्यावर शेकडो गिगाबाइट पाठवीत असेल, तर फाइल उघडून पाहण्याची गरजच उरत नाही. अडचण अशी की, बाहेरून येणाऱ्यांसाठी कडक असलेली फायरवॉल बाहेर जाणाऱ्यांसाठी बहुधा सैल ठेवलेली असते.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. खरी मेख ‘लक्षात आल्यापासून’ या शब्दांत आहे. जी कंपनी बाहेर जाणाऱ्या माहितीकडे पाहतच नाही, तिचे सहा तास सुरूच होत नाहीत.

या पाहणीलाही मर्यादा आहेतच. ब्राह्मोसच्या नागपूर केंद्रातील अभियंत्याला ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. हेरगिरीच्या आरोपांवरील न्यायालयीन लढाई पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेली. पण प्रकरणाच्या केंद्रस्थानी होता खासगी लॅपटॉप आणि त्यावरील कार्यालयीन फायली. फाइल एकदा घरच्या यंत्रावर पोहोचली की कार्यालयाच्या नेटवर्कवरील पहारेकरी आंधळा होतो.

ब्लॅककॅटची संकेतस्थळे अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२३ मध्ये ताब्यात घेतली आणि मार्च २०२४ मध्ये टोळीने गाशा गुंडाळला. धोका मात्र तिच्याबरोबर गेला नाही. मोठ्या कंपन्या रात्रंदिवस नजर ठेवणारी पथके नेमू शकतात. हिंगणा आणि बुटीबोरीतील लहान पुरवठादारांना ते परवडणारे नाही. प्रिंटर अडला की फोनवर बोलावला जाणारा तंत्रज्ञ, हीच तेथे अनेकदा संगणक सुरक्षेची सारी व्यवस्था असते. सुट्या भागांचे आराखडे मात्र मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्याच संगणकांवर येऊन पडतात.